तारमास्तर आणि तेलाचे ब्रेक

बादलीची कडी निखळली, चष्म्याची काडी मोडली, फाटकाचा कोयंडा हरवला, की गावातली माणसं सायकलच्या दुकानाची वाट धरत. दुकानाचा मालक खिशातून तारेचं भेंडोळं काढी, पकडीने दोन पीळ देई आणि वस्तू परत हातात ठेवी. बादली पुढे गंजून जाई, पण पीळ सुटत नसे. म्हणून सगळे त्याला तारमास्तर म्हणत. त्याचं खरं नाव फक्त त्याच्या थोरल्या बहिणीच्या तोंडी उरलं होतं, तेही ती रागावली की.

दुकान एका जिन्याखाली होतं. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागे, म्हणून मास्तर सगळी कामं बसूनच करी, आणि जिन्यावरून कोण चढलं ते पावलांच्या आवाजावरून ओळखी. भिंतीवर चाकं टांगलेली, हवेत पंक्चरच्या सोल्यूशनचा वास, आणि एका जाड खिळ्यावर ब्रेकच्या तारांची जुडी. त्या जुडीवर त्याचा भारी विश्वास. तो म्हणे, "तार डोळ्यांना दिसते. कुठे झिजली, कुठे तिचा धागा सुटला, बोट फिरवलं की कळतं. जे दिसत नाही त्याच्यावर जीव टांगू नये."

सायकल तयार झाली की ब्रेक तपासायची त्याची एक रीत होती. सायकल पुढे ढकलायची आणि आपल्या पंज्याने ब्रेक आवळायचा. चाक जागच्या जागी थांबलं की म्हणायचं, "घेऊन जा." तो पंजा म्हणजे पानाच होता, नट आवळून आवळून घडलेला. गावातली एकूणएक सायकल त्या पंज्याखालून गेलेली. शाळेत जाणाऱ्या मुलीची, म्हाताऱ्या शिंप्याची, दूधवाल्याची. पंजा म्हणाला ठीक, की ठीक.

त्यात सगळ्यात लाडकी सायकल होती ताईची.

गावाच्या डोक्यावर डोंगर आहे आणि डोंगराच्या खांद्यावर तलाव. त्याचं पाणी गावाला आणि खालच्या शहराला जातं. ताई त्या तलावाची राखण करी. सकाळी वर जायचं, पट्टीवर पाण्याची उंची बघायची, जाळ्यांवर अडकलेला पाला काढायचा, झडपांची लोखंडी चाकं फिरवून पाणी कमीजास्त करायचं आणि ऊन कलताना खाली यायचं. तलावाच्या वाटेवर इंजिनाच्या गाडीला बंदी होती. पिण्याचं पाणी, त्यात पेट्रोलचा थेंबही जाऊ नये. त्यामुळे एक तर पाय, नाही तर सायकल. ताई म्हणे, "चढताना सायकलला मी नेते, उतरताना ती मला नेते. आमचा हिशोब चोख आहे."

आई लवकर गेली तेव्हा मास्तर शर्टाच्या गुंड्याही उलट्या लावायचा. ताईने त्याला वाढवलं. सायकलची सीट धरून त्याच्यामागे धावली तीही ताईच. तेव्हा तिला डोंगरावरून सुखरूप खाली आणणारी सायकल आपल्या हातची आहे, ही गोष्ट मास्तर मनात अशी जपे, जशी कुणी पेटीत दागिना जपावा.

एकच कटकट होती. ताईचे बूट. डाव्या बुटाचा तळवा पुढून सारखा उचकटे. मास्तर बारीक तारेने तो शिवून देई आणि विचारी, "ताई, तू सायकलवरून येतेस की बुटांवरून?"

"तुझी सायकल झिजू नये म्हणून बूट झिजवते," ताई म्हणे.

दोघं हसत. हा विनोद इतक्यांदा झाला होता की त्याचाही तळवा झिजला होता.

मग एका धुकट दिवशी ताई पडली. मोठ्या खडकाखालच्या वळणावर पुढचं चाक दगडात गेलं आणि वाकडं झालं. ती सायकल ओढत घरी आली तेव्हा कोपर सोललेलं, गालावर माती. मास्तरच्या बायकोने पाणी तापवलं. मास्तरने मात्र आधी सायकल उलटी केली. तार तपासली. ब्रेक आवळला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं.

"ब्रेक उत्तम आहे," तो म्हणाला. "तू उशिरा दाबलास."

ताई कोपर धूत होती. "असेल," ती म्हणाली.

ताई आणि "असेल"? सूर्य उगवला म्हटलं तरी "बघू दे" म्हणणारी बाई ती. मास्तरला तेव्हाच काही कळायला हवं होतं. पण आपल्या हातची वस्तू निर्दोष ठरल्याच्या समाधानात माणसाला समोरचा माणूस दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठवड्याभरात पाणीखात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चहाचा कप दोन्ही हातांत फिरवत म्हणाला, "बाई, खाली पंपघरात जागा आहे. खुर्ची आहे, पंखा आहे. पाऊसपाण्यात वर जायला नको."

"आणि पंपाचा आवाज आहे," ताई म्हणाली. "साहेब, मी आयुष्यभर पाण्याचा आवाज ऐकला. जाळीवर किती पाला साठलाय ते मी काठावर उभी राहून आवाजावरून सांगते. पंपघरात मला काय ऐकू येणार?"

"पुन्हा पडलात तर मला झोप लागणार नाही."

"मला पंपघरात लागणार नाही."

साहेब हसले, पण हटले नाहीत. पाऊस ओसरताना ते पुन्हा येणार होते. डोंगराच्या पायथ्याच्या फाटकाशी उभे राहून ताईला खाली येताना बघणार होते. सुखरूप आली तर तलाव तिचा. नाही तर पंपघर.

ते गेल्यावर ताई बराच वेळ उंबऱ्यात बसून डोंगराकडे बघत होती. धुक्यात डोंगर दिसतच नव्हता, तरी बघत होती.

मास्तरने दुसऱ्या दिवशी जुनी सायकल भिंतीला टेकवली आणि नवी बांधायला घेतली. खरी डोंगरी सायकल. मजबूत सांगाडा, रुंद खाचदार टायर, पुढे धक्के पिणारा फोर्क, ताईच्या उंचीला बेताची सीट. फक्त ब्रेकचं घोडं अडलं. चाकाच्या मधोमध पोलादी चकती बसवायची आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडने धरायचं, इथपर्यंत त्याला मान्य होतं. चिखलात रिम घसरते, चकती घसरत नाही. पण ते पॅड दाबायचे कशाने? तारेने की तेलाने? तेलाच्या ब्रेकमध्ये तार नसते. एक बारीक नळी, आत कोंडलेलं तेल. इकडे बोटाने दाबलं की तिकडे तेल पिस्टनला रेटतं आणि पिस्टन पॅडला.

"तेल म्हणजे पोटातलं दुखणं," मास्तर बायकोला म्हणाला. "बाहेरून कळतच नाही. तार तुटली तर ताई डोंगरावरही बांधून घेईल."

"ताई बांधतील?" बायकोने विचारलं. तिचा सूर जरा वेगळा होता. मास्तरने तो ऐकला आणि सोडून दिला.

त्याने चकतीचे, पण तारेवर चालणारे ब्रेक बसवले. सायकल ढकलली, पंजा आवळला. चाक असं थांबलं की फोर्क वाकून नमस्कार करतो की काय असं वाटलं. मग ताईला बोलावलं.

ताई बसली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. मास्तर जिन्याखाली बसलेला. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाचे पाय आधी दिसतात. त्याला दिसले ताईचे पाय. ताईने ब्रेक धरलेला होता, पण सायकल थांबवत होता तिचा डावा बूट. पुढचा तळवा जमिनीला लावून ती खर्र असा ओढत आणत होती.

"छान आहे," ताई म्हणाली.

बुटाचा तळवा पुन्हा उचकटला होता आणि त्यातून त्याच्याच हातची तार बाहेर आली होती. किती वेळा शिवला होता तो बूट. कधी विचारलं नव्हतं की बाई, एकच बूट का, आणि तोही पुढूनच का.

तो जिन्याखालून बाहेर आला आणि हात पुढे केला. "दाब."

"काय?"

"माझा हात दाब. ब्रेक दाबतेस तसा."

"खुळा आहेस का? काम आहे मला."

"ताई, दाब."

ताईने इकडेतिकडे बघितलं आणि त्याचा पंजा धरला. मास्तर वाट बघत राहिला.

"दाब ना."

"दाबतेय," ताई म्हणाली.

तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलेली. झडपांची लोखंडी चाकं फिरवत, थंड पाण्यात जाळ्या धूत त्या हाताची ताकद कधी गेली, ते त्याला कळलंच नव्हतं. हातावर चिमणी बसावी इतकाच तो दाब होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाली असतील दोन-तीन वर्षं. सकाळी बरी असतात. उतरताना अर्ध्यात गेलं की ऐकत नाहीत."

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तू इतक्या हौसेने ब्रेक आवळून दाखवायचास. आणि खात्याला कळलं असतं तर त्याच दिवशी पंपघर." मग म्हणाली, "वहिनीला ठाऊक आहे. बरणीची झाकणं तीच उघडून देते मला."

मास्तरची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, मी सांगणारच होते. ताईंनी शपथ घातली होती."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं म्हणतात, आणि या घरात तर तो सगळ्यांनाच होता. पण त्या दुपारी मास्तरने नव्या सायकलच्या तारा स्वतःच्या हाताने सोडल्या, गुंडाळल्या आणि खिळ्यावर टांगल्या.

शहरातल्या मोठ्या दुकानात तो ताईला घेऊनच गेला. दुकानदाराने काउंटरवर एक घोडा, म्हणजे ब्रेक दाखवायचा लोखंडी स्टँड, आणून ठेवला. त्यावर हँडल, हँडलला ब्रेकची मूठ, खाली फिरती चकती. दुकानदार म्हणाला, "दाबून बघा, मास्तर. लोणी आहे."

मास्तरने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी नाही. ही बघेल."

पहिला ब्रेक चार पिस्टनांचा होता. "डोंगरावरून उड्या मारणारी मंडळी हाच नेतात. याच्याहून जास्त ताकद कशातच नाही," दुकानदाराने सांगितलं. ताईने चकती फिरवली आणि एक बोट लावलं. मूठ तिच्या बोटाला लांब पडत होती. ताणून दाबली तर चकती अशी खाडकन थांबली की घोडाच हलला.

"हा थांबवत नाही," ताई म्हणाली. "हा भांडतो."

दुसरा साधा होता, दोन पिस्टनांचा. त्याच्या मुठीला एक बारीक स्क्रू होता. तो फिरवला की मूठ बोटाच्या जवळ येई. दुकानदाराने ती जवळ आणली. ताईने एका बोटाने दाबलं, थोडं, मग आणखी थोडं. चकती हळू झाली, आणखी हळू झाली, थांबली. ताईने परत फिरवली. परत थांबवली. चारपाचदा झालं, तरी तिचं बोट थकलं नव्हतं. पाठीमागे मास्तरचे हात शिवशिवत होते.

"हा ऐकतो," ताई म्हणाली.

"पण डोंगर उतरायला हा जरा कमी पडेल, बाई," दुकानदार म्हणाला.

"मग पुढची चकती मोठी द्या," मास्तर म्हणाला. "चकती मोठी, तितका जोर वाढतो. बोटाने कमी दिलं तरी चालेल."

दुकानदाराने मान डोलावली. "बरोबर. मागची मधल्या मापाची घ्या, म्हणजे चाक घसरायचं नाही." मग त्याने तेलाचं सांगितलं. एक तेल मोटारीच्या ब्रेकसारखं, रंग खातं, कातडीला चावतं. दुसरं साधं खनिज तेल. या ब्रेकला दुसरं. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

"सांडलं तर?" ताईने विचारलं. "माझ्या खाली पिण्याचं पाणी आहे."

"कुठलंच सांडू नये, बाई."

"मग तेलाचं काम गावातच. तलावाच्या वाटेवर बाटलीसुद्धा न्यायची नाही," ताईने भावाला बजावलं.

मास्तरने शेवटी मनातलं विचारलं. "नळी फुटली तर? तारेने बांधता येईल?"

"नाही."

"काहीच करता येणार नाही?"

"चालत यायचं."

मास्तरचा चेहरा पडला. ताई म्हणाली, "येईन की चालत. पाय आहेत. बूटही आहेत, भावाने शिवलेले."

घरी आल्यावर मास्तरने आधी साबणाने हात धुतले. चकतीला तेलकट बोट लागलं की ती पकडत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं, आणि मास्तरच्या बोटांवर तर अर्ध्या गावाचं वंगण. कोपरापर्यंत फेस करून तो घासत होता.

"लग्नात तरी इतके धुतले होते का?" बायको म्हणाली.

"लग्नात चकती नव्हती."

मुठी बसवल्या, नळ्या सांगाड्यावरून खाली आणल्या. पॅडच्या फटीत लाल प्लास्टिकचा एक तुकडा अडकवलेला होता. वेष्टनाचा कचरा समजून मास्तरने तो काढला आणि फेकला. चाक अजून बसायचं होतं. आणि तिथे जन्मभराच्या सवयीने घात केला. त्याने मूठ एकदाच, कौतुकाने, आवळली.

मध्ये चकती नाही, प्लास्टिक नाही. दोन्ही पॅड पुढे आले आणि एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. चाक बसवायला गेला तर चकती आत शिरेना.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दातखीळ बसली याची."

तारेला असं होत नाही. तार सैल करायची, मोकळं. इथे सैल करायला काही दिसतच नव्हतं. बायकोने कचऱ्याच्या डब्यातून लाल तुकडा शोधून आणला. "हे कशाला दिलं असेल, काही तरी कामाचं असेल ना?" मग मास्तरने तिचं लाकडी उलथनं घेतलं, त्याची चपटी कड फटीत घातली आणि पॅड हळूहळू मागे रेटले.

"ते उलथनं मला परत नको," बायको म्हणाली. "आणि तुमचे हात बांधून ठेवा आता."

नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. चकतीवर पुन्हा पुन्हा घासून त्यांना वळण लावावं लागतं. एरवी हे काम मास्तरने स्वतः केलं असतं. या वेळी तो जिन्याच्या पायरीवर हात मांडीखाली घालून बसला आणि ताई गल्लीतून येरझारा घालत राहिली. वेग घ्यायचा, बोट लावायचं, हळू व्हायचं, पुन्हा वेग.

"अरे, हा तर धरतच नाही," पहिल्या फेरीला ताई म्हणाली.

"ओळख होऊ दे त्यांची."

तिच्या चेहऱ्यावर भीती होती. पण फेरीगणिक सायकल थोडी आधी थांबू लागली. शिंपी दुकानातून मान काढून बघत होता. शेवटी त्याच्या दारासमोर ताई थांबली, दोन्ही पाय पायडलवर ठेवून. तोल गेला तेव्हा कुठे एक पाय खाली टेकला. शिंपी म्हणाला, "बाई, कपडे टाकायचेत का शिवायला?"

"नाही. तुमचं दार थांबायला बरं वाटलं."

साहेब आले त्या दिवशी बारीक पाऊस होता. ते छत्री घेऊन फाटकाशी उभे राहिले. मास्तर शेजारी, भिजत.

ताई वरून निघायची वेळ झाली. मास्तर कान देऊन होता. रोज या वेळी डोंगरावरून एक आवाज येई, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. टायरखाली खडी वाजते, असं तो समजत आला होता. आज आवाज नव्हता. पाऊस पानांवर पडत होता, तेवढाच. खडकाखालचं वळण फाटकावरून दिसत नाही. मास्तरला वाटलं, पडली. तो दोन पावलं पुढे गेला.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, तो आवाज खडीचा नव्हताच. बुटाचा होता. इतकी वर्षं बहीण पाय घासत डोंगर उतरत होती आणि तो खाली बसून आपल्या सायकलचं कौतुक ऐकत होता.

वळणावरून ताई आली. डोक्याला रुमाल, अंग जरा मागे, दोन्ही पाय पायडलवर, दोन्ही मुठींवर एकेक बोट. उतारावर सायकल वेग घेई, बोट वाकलं की शहाण्यासारखी सावकाश होई. फाटकासमोर येऊन ती थांबली. ओल्या चकतीने बारीकशी शीळ घातली, तेवढीच.

साहेबांनी छत्री ताईवर धरली. "बाई, राहा तुमच्या तलावाशी."

ताई लगेच हसली नाही. तिने हात पुढे करून सुजलेली पेरं त्यांना दाखवली. "साहेब, हे हात बघून ठेवा. हे बरे व्हायचे नाहीत. एक बोट चालतंय तोवर मी वर आहे. ज्या दिवशी तेही ऐकणार नाही, त्या दिवशी मीच येऊन सांगेन. तुम्हाला उभं राहावं लागणार नाही पावसात."

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झडपा फिरवायला माणूस देतो. सोमवारपासून." आणि निघून गेले.

भाऊ-बहीण गावाकडे चालू लागले. सायकल मध्ये.

"खडकाच्या वळणावर ब्रेक कधी दाबलास?" मास्तरने विचारलं.

"वेळेवर."

"म्हणजे त्या दिवशीही वेळेवरच दाबला होतास."

ताईने त्याच्याकडे बघितलं. "त्या दिवशीही," ती म्हणाली.

मास्तरने सायकल तिच्या हातातून घेतली आणि स्वतः ढकलू लागला. ब्रेकच्या मुठीला मात्र त्याने बोट लावलं नाही.